पात्यातले पाणी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर मांडायच्या वस्तूंचा क्रम ठरलेला असे. आधी विळी आणि अडकित्ता, मग आजोबांचा वस्तरा, आईची शिवणकामाची कात्री, पुढच्या काळात पाने आणि पेचकस, आणि सगळ्यांत शेवटी, ट्रंकेतल्या तांबड्या फडक्यातून निघणारी शिकारी सुरी. सहा-साडेसहा इंचांचे पाते, शिसवी मूठ, मुठीला तीन पितळी खिळे. हळदकुंकू वाहून झाले की आजोबा ती सुरी खिडकीच्या उजेडात तिरपी धरत आणि आम्हा भावंडांना जवळ बोलावत. करड्या पोलादावर बारीक, नागमोडी रेघा दिसत. ओढा आटत गेला की वाळूवर मागे राहतात तशा. त्या कोरलेल्या नव्हत्या. बोट फिरवले तर हाताला लागत नव्हत्या. आजी म्हणे, "पात्यात पाणी आहे." आम्हाला ते अगदी शब्दशः खरे वाटे.

सुरीची जन्मकथाही आजोबा दर वर्षी सांगत. निजामाच्या राजवटीत ते निजामाबाद जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरीला होते. तिथे एका स्नेह्याने त्यांना मोडक्या तलवारीचा तुकडा दिला. रानातल्या दौऱ्यावर कमरेला शिकारी सुरी असावी, ही त्या काळच्या अंमलदारांची हौस. आजोबा तो तुकडा घेऊन गावच्या लोहाराकडे गेले. लोहाराने तो उलटसुलट न्याहाळला आणि भट्टीत घालायला साफ नकार दिला. "आग दाखवली तर जौहर जाईल, साब," असे त्याचे म्हणणे. मग आठ दिवस कानस आणि दगड चालवून त्याने थंड पोलादातूनच सुरीचा आकार काढला. मूठ शेजारच्या सुताराने बसवली. आजोबांनी त्या शिकारी सुरीने जन्मात एक ससाही मारला नाही. दौऱ्यावर कलिंगडे मात्र पुष्कळ कापली.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी आमच्या हातून एक गाढवपणा घडला. सुरीवर गंजाचे ठिपके आले म्हणून आम्ही ती बाजारात पॉलिश करायला दिली. यंत्रावर घासून तिचा आरसा होऊन आला. त्यात आपले तोंड दिसत होते, पण पाणी गेले होते. आजी तेव्हा हयात होती. तिने सुरी हातात घेतली, तिरपी धरली आणि काही न बोलता फडक्यात गुंडाळून ठेवली.

ते पाणी म्हणजे नेमके काय होते, हे शोधायला आम्हाला पुढची वीस वर्षे लागली. त्या शोधात जे हाती आले ते यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण ही कथा दूरदेशीची नाही. ती आपल्या गोदावरीच्या काठची आहे, आणि आपण सुट्टीत गावी जाताना तिच्या दारावरून जातो.

नाव एकाचे, गाव दुसऱ्याचे

असे रेघारेघांचे पोलाद जगात 'दमास्कस पोलाद' म्हणून ओळखले जाते. युरोपातल्या लोकांना अशी पाती सीरियातल्या दमास्कसच्या बाजारपेठेमुळे माहीत झाली आणि ते नाव चिकटले. पण पाती घडवायचे कच्चे पोलाद त्या बाजूला जाई ते हिंदुस्थानातून, प्रामुख्याने दक्षिणेतून. अरबी भाषेत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात, म्हणजे हिंदची. नवव्या शतकातला अल्-किंदी आणि अकराव्या शतकातला अल्-बिरुनी यांनी तलवारींच्या आणि पोलादाच्या प्रकारांविषयी लिहिताना हिंदी मालाची दखल घेतली आहे.

आपल्याकडे या वस्तूला नावांची वाण नव्हती. जुन्या मराठीत पोलादाला 'तिखे' असा नेटका शब्द होता. संस्कृत 'तीक्ष्ण' हे त्याचे मूळ. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन वर्ग सांगितले आहेत, त्यातले हे मधले. 'पोलाद' आपण फारसीतून घेतला. तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांचा शब्द 'उक्कू'. आपल्यातल्या ज्येष्ठांना १९६६ च्या सुमाराची विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यासाठीची 'विशाखा उक्कू, आंध्रुल हक्कू' ही घोषणा आठवत असेल. त्यातला उक्कू तो हाच.

या उक्कूचे इंग्रजांनी 'वूट्झ' केले. त्यात मुंबईचाही हात आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा करून १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद 'मुंबईत तयार होणारे' असे म्हटले आहे. मुंबईत ते तयार होत नव्हते, तिथून फक्त जहाजात चढले होते. म्हणजे आधी दमास्कस, मग मुंबई. ज्यांनी ते केले त्यांच्या गावाचे नाव दोन्ही वेळा राहूनच गेले.

कोनासमुद्रमची भट्टी

ते गाव कुठे? उक्कू दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी होई: म्हैसूर, सेलम, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेतही. पण इराणी व्यापाऱ्यांची नजर होती ती निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या खेड्यावर. निजामाबादचे जुने नाव इंदूर. आपल्या होळकरांच्या इंदूरशी त्याचा काही संबंध नाही, पण हैदराबादच्या मराठी घरांतून "कोणते इंदूर?" हा प्रश्न पूर्वी हमखास विचारला जाई. आर्मूरहून जगित्यालच्या रस्त्याला लागले की कम्मरपल्ली लागते. तेलुगूत कम्मरी म्हणजे लोहार. कोनासमुद्रम याच मुलखात आहे. पुढे मेटपल्ली, आणि उत्तरेला गोदावरीपलीकडे निर्मळ.

या गावातली भट्टी स्वतः पाहून कोणी लिहून ठेवले असेल तर ते हेन्री व्हॉयसी या डॉक्टराने. कर्नल लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ते शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ म्हणून होते. हे लॅम्बटन म्हणजे ज्यांची कबर आपल्या हिंगणघाटला आहे तेच. व्हॉयसी १८२४ मध्ये वारले. कोनासमुद्रमविषयीचे त्यांचे टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

त्यातून दिसणारी रीत अशी. आधी आसपासच्या गावांत खनिज आणि लोहवाळू कोळशाच्या भट्टीत वितळवून साधे लोखंड काढत. कोनासमुद्रमचे कारागीर दोन वेगळ्या जागचे, दोन जातींचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळत. त्याचे तुकडे आणि थोडी काच मातीच्या मुशीत भरून वर मातीचे झाकण लिंपत. अशा अनेक मुशी भट्टीत मांडून चोवीस तास अखंड भाता चालवत. मूस निवली की फोडून आतली पोलादाची वडी बाहेर काढत. ती इतकी ठिसूळ असे की लगेच घणाखाली घेतली तर फुटेल. म्हणून तिला माती लावून पुन्हा मंद आचेवर तासन् तास ठेवत, आणि ती घडण्याजोगी मऊ होईपर्यंत असे पुन्हा पुन्हा करत.

म्हैसूर-सेलमकडची रीत थोडी वेगळी होती. तिथे मुशीत लोखंडाबरोबर तरवडाची सुकी लाकडे घालत आणि वरून रुईची पाने झाकत. तरवड आपल्या माळावर पिवळाधमक फुलतो आणि रुईची माळ शनिवारी मारुतीला जाते. त्याच झाडपाल्याचा कोळसा होऊन तो लोखंडात जिरे आणि त्याचे पोलाद होई. मुशीच्या मातीत भाताचा कोंडा मळलेला असे. तो जळून मागे जो सांगाडा राही त्यामुळे मूस प्रखर आच सोसे.

रसायनाच्या भाषेत सांगायचे तर लोखंडात कर्ब किती, यावर सगळा खेळ असतो. साध्या लोखंडात तो जवळजवळ नसतो. चांगल्या चाकूच्या पोलादात साधारण पाऊण ते एक टक्का असतो. उक्कूत तो दीड टक्क्याच्या आसपास. एवढा कर्ब पोलादात मावत नाही. वडी सावकाश निवताना जादा कर्बाचे लोखंडाशी मिळून अतिशय कठीण असे कण तयार होतात. आजोबांच्या सुरीवरच्या रेघा म्हणजे या कठीण कणांच्या रांगा. कणांच्या पांढऱ्या रांगा, मध्ये काळसर मऊ पोलाद. नक्षी पात्यावर नसते; पाते आतूनच तसे असते.

इस्फहानचा रस्ता

सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हर्निये आपल्याकडे हिऱ्यांसाठी येऊन गेला, हे आपण शाळेत शिकतो. दमास्की पाणी चढणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते, अशी नोंदही त्याने केली आहे. या पोलादाच्या वड्या मच्छलीपट्टणच्या बंदरातून जहाजाने इराणकडे जात. गोवळकोंड्याचे हिरे सगळ्या जगाला माहीत झाले. त्याच वाटेने जाणारे पोलाद विस्मरणात गेले.

व्हॉयसी कोनासमुद्रमला पोचले तेव्हाही इस्फहानचा एक व्यापारी पोलाद विकत घ्यायला गावात मुक्काम टाकून होता. आपल्याकडे असे पोलाद करून पाहिले, पण साधले नाही, असे या इराण्यांनी त्यांना सांगितले. क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. तेलंगणातले एक खेडे, मातीच्या मुशी, भात्याचा आवाज, आणि समुद्र ओलांडून आलेला गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून वड्या निवडतो आहे.

मात्र ही सगळी करामत आपलीच, असा गर्व करण्यात अर्थ नाही. वडीत नक्षीचे बीज असते. ते फुलवतो तो पाते घडवणारा लोहार, आणि त्यात इराणी कारागिरांचा हात फार वरचा होता. उक्कूची वडी लालसर आचेवरच ठोकावी लागते. पांढरी होईपर्यंत तापवली तर घणाखाली तिचा भुगा होतो. म्हणून थोडे तापवायचे, थोडे ठोकायचे, पुन्हा तापवायचे. असे शेकडो वेळा. दर खेपेला ते कठीण कण थोडेथोडे रांगेत येतात. पात्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा सपाट केले की रांगा त्या जागी वळतात आणि शिडीसारखी नक्षी उठते. या नक्षीला फारसीत 'किर्क नर्दबान', म्हणजे चाळीस पायऱ्या, असे नाव आहे.

शेवटचे काम पाणी वर आणण्याचे. पाते घासूनपुसून, तेलाचा अंशही न ठेवता, त्यावर हिराकसाचे पाणी फिरवायचे. मऊ पोलाद काळवंडते, कठीण कण उजळ राहतात. आपल्या मुलखात हे काम शिकलगाराचे. आज शिकलगार हे आडनाव आपण ऐकतो, पण ते धार लावणारे आणि पात्यातले पाणी वर काढणारे लोक होते, याची आठवण किती जणांना असेल?

शिकारीची सुरी आणि तिची मूठ

तलवारींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण उत्तम पोलाद सुऱ्यांनाही लागे, आणि सुरी ही नेहमी कोणा एकासाठी, त्याच्या हाताच्या मापाने घडवलेली वस्तू असे. सरळ पाठीची, एका धारेची ती 'कार्द'. टोकाकडे निमुळती होत जाणारी, जाड कण्याची ती 'पेशकब्ज'. पात्यावर हरणे, चित्ते आणि हत्ती कोरलेले असले तर त्या कामाला 'शिकारगाह' म्हणत.

खास घडवून घेतलेल्या सुरीचे सर्वांत नामी उदाहरण जहांगीर बादशहाचे. १६२१ मध्ये जालंधरजवळ आकाशातून उल्का पडली. शिकारीचा आणि नवलाईच्या वस्तूंचा शौक असलेल्या बादशहाने ती खणून आणवली आणि उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराच्या हवाली केली. उल्केचे लोखंड घणाखाली टिकेना. तेव्हा तीन भाग उल्केचे आणि एक भाग साधे लोखंड असे मिसळून त्याने दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली. हे सारे जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, कारागिराच्या नावासकट. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

दरबारी सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या, यशबाच्या, कधी जडावाच्या. सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनात अशा मुठी आपण काचेआड पाहतो. रानात वापरायच्या सुरीला त्यांचा उपयोग नाही. तिथे शिंग किंवा लाकूड. बंदुकीच्या काळात शिकाऱ्याच्या सुरीचे काम दोन प्रकारचे असे: गोळी लागलेले जनावर जिवंत आहे तोवर हलाल करणे आणि मग कातडे सोलणे. दोन्ही वेळा हात ओले असतात. गुळगुळीत दंताची मूठ अशा वेळी निसटते. म्हणून शिसवीला मान. शिसवीचा पोत घट्ट, अंगचे तेल भरपूर. पावसाने ती फुगत नाही, उन्हाने चटकन तडकत नाही, आणि घामाने काळी होत होत हाताच्या आकाराची होते.

मूठ बसवण्याच्याही दोन रीती. पात्याची शेपटी निमुळती करून ती मुठीच्या पोकळीत वितळलेल्या लाखेने पक्की करायची ही जुनी रीत; आपल्या बहुतेक तलवारींच्या मुठी अशाच बसवलेल्या असतात. दुसरी रीत म्हणजे पाते मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीचे ठेवायचे, दोन बाजूंना लाकडाच्या दोन फाका लावायच्या आणि आरपार पितळी खिळे ठोकून ते दोन्हीकडे फुलवायचे. आजोबांच्या सुताराने हीच धरली होती. लाकडाची पट्टी मधोमध चिरून दोन्ही फाका एकमेकींच्या आरशासारख्या लावल्या होत्या, त्यामुळे शिसवीच्या रेषा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला पुऱ्या होतात. वर जवसाच्या तेलाचे हात. पात्यात एक नक्षी, लाकडात दुसरी, दोन्ही आतल्या.

फॅरेडेचे कोडे

युरोपला हे पोलाद मिळाले, पण उलगडले नाही. लंडनमधला शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट यावर इतका खूश होता की आपण युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा हिंदुस्थानचे वूट्झ पसंत करतो, असे त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावर छापले होते. त्याच्या जोडीने या कोड्याला भिडला मायकेल फॅरेडे. विजेच्या शोधांसाठी आपण त्याला ओळखतो, पण तो लोहाराचा मुलगा होता. १८१९ पासून त्याने वूट्झचे पृथक्करण केले, आणि १८२० व १८२२ मध्ये दोघांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. कोडे सुटले नाही, पण मिश्रधातूंच्या पद्धतशीर अभ्यासाला त्यातून चालना मिळाली. पॅरिसच्या टांकसाळीत ब्रेआँने प्रयत्न केले. रशियात उरलच्या डोंगरात झ्लातौस्त येथे पावेल अनोसोव्हने वर्षानुवर्षे खपून जवळ जाणारे पोलाद केले आणि १८४१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

आणि इकडे, नेमक्या याच वर्षांत, मूळ भट्ट्या विझत चालल्या होत्या. कारणे एकाहून अधिक. शेफिल्डचे स्वस्त पोलाद बंदरात उतरू लागले. बंदुकांनी तलवारींचे महत्त्व घालवले, म्हणून इराणी गिऱ्हाईक आटले. पुढे कोळशासाठी लागणारी जंगले सरकारी बंधनात गेली. मुशी करणारा, भाता ओढणारा, खनिज ओळखणारा, पाते घडवणारा आणि पाणी वर काढणारा, ही सगळी साखळी होती. यातले कोणी काही लिहून ठेवले नव्हते. विद्या हातातून हातात जाई. एक कडी निखळली की पुढच्याला मागचे काही सांगता येत नसे.

साखळीतली एक कडी तर कोणाला दिसणारीच नव्हती. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लोरिडात घोड्यांना नाल ठोकणारे व सुऱ्या घडवणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून बरीच वर्षे प्रयोग केले. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की कठीण कण रांगेत येण्यासाठी लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंश लागतो, आणि तो किती, तर लाखात चार भाग असला तरी पुरे. म्हणजे जुने कारागीर ठरावीक खाणीचे, ठरावीक नाल्याच्या वाळूचेच लोखंड का मागत, याला आधार होता. खाण बदलली असेल, तर रीत तीच ठेवूनही नक्षी उठली नसती, आणि का उठत नाही हे बिचाऱ्या लोहाराला कळले नसते. भट्ट्या विझण्याचे हेही एक कारण असावे, असा या दोघांचा तर्क आहे. तो ऐकल्यापासून आम्हाला कोनासमुद्रमच्या त्या शेवटच्या पिढीची राहून राहून आठवण येते. वडिलांनी शिकवले तसेच सगळे करत आहोत, तरी पात्यात पाणी का उतरत नाही?

आजच्या सुऱ्या

आज 'दमास्कस' नावाच्या शिकारी सुऱ्या देशोदेशी हौसेने घडवल्या आणि विकल्या जातात. त्यांतल्या बहुतेक उक्कूच्या नसतात. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून सांधायच्या. मग दुमडायच्या, पुन्हा ठोकायच्या. सात थर पाच वेळा दुमडले की दोनशे चोवीस होतात. त्यांना पीळ दिला, खाचा पाडल्या की हवी ती नक्षी निघते. हिराकसाच्या जागी आता फेरिक क्लोराइड आले आहे. ही रीतही प्राचीनच; युरोपातल्या तलवारी आणि जाव्हाचे 'क्रिस' असेच होत. अमेरिकेत बिल मोरन यांनी १९७३ मध्ये तिला नव्याने वर आणले. ती हलकी नव्हे, फक्त वेगळी. एक घडीव पोळी म्हणावी, तर दुसरी साखरेच्या पाकात आपोआप धरलेली खडी.

फसवणूक होते ती तिसऱ्या प्रकारात. साध्या पात्यावर आम्लाने नुसत्या रेघा छापलेल्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे. पाते घासून नक्षी पुसली आणि पुन्हा हिराकस लावले तर खरी नक्षी परत येते. छापलेली येत नाही.

शिकारी सुरीने करायची शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबली, आणि ते योग्यच झाले. हस्तिदंत गेला. आपल्या शिसवीवरही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आहेत. म्हणून नवे कारागीर जुन्या दारांच्या चौकटी, मोडक्या पलंगांचे गाते यांतून मुठीपुरते लाकूड काढतात. एका मुठीला लागते तरी किती? हाताच्या पंजाएवढे.

पुन्हा पाणी

नक्षी परत येते, हे वाचले तेव्हा आम्ही भावंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ट्रंक उघडली. तांबडे फडके विरले होते, सुरी तशीच आरशासारखी होती. मुठीला हात लावायचा नाही, असे ठरवून तिच्यावर मेण आणि पट्टी गुंडाळली. पाते राखेने, मग चुन्याच्या निवळीने स्वच्छ केले. बारीक पॉलिश कागदाने एकाच दिशेने घासले. हिराकसाचे कोमट पाणी कापसाने फिरवले. पहिल्यांदा नुसते करडे झाले. दुसऱ्यांदा काही नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला पाठीच्या बाजूने एक रेघ दिसली, मग तिच्या शेजारी दुसरी. ओढ्याला पाणी यावे तसे ते टोकापर्यंत गेले.

ही वडी कोनासमुद्रमचीच, असा आमचा दावा नाही. पात्यावर ना नाव आहे, ना गाव. पण ते पोलाद कोणी तरी मातीच्या मुशीत चोवीस तास जागून केले होते, कोणी तरी लालसर आचेवर शेकडो वेळा ठोकले होते, आणि एका खेड्यातल्या लोहाराने आगीत न घालता आठ दिवस दगडावर घासून आमच्या आजोबांच्या हातात दिले होते. जहांगीरने आपल्या कारागिराचे नाव लिहून ठेवले. आमच्या आजोबांनी ते कधी सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. इतक्या खंडेनवमी झाल्या, दर वर्षी गोष्ट ऐकली, आणि एवढी एक विचारायची राहिली.

तेव्हा वाचकहो, एवढेच करा. घरात जुना अडकित्ता, सुरी, तलवारीचा तुकडा असेल तर तो यंत्रावर पॉलिशला देऊ नका. कोणाकडून आला, कोणी घडवला, हे सांगणारे घरात अजून कोणी असेल तर विचारून लिहून ठेवा. आणि पुढच्या खेपेला नागपूर हमरस्त्याने जाताना, किंवा नातवंडांच्या अक्षराभ्यासासाठी बासरला जाताना, आर्मूरला चहाला थांबाल, तेव्हा मुलांना पूर्वेकडे बोट दाखवून सांगा, की जगाने ज्याला दमास्कसचे म्हटले ते पोलाद त्या बाजूला व्हायचे.

यंदा खंडेनवमीला सुरी पाटावर असेल. पात्यात पाणी आहे.